काकांना घेऊन घाटावर, दुर्बिणीच्या शोधात

लोक तीर्थाला जातात, कोणी हवा पालटायला चिखलदऱ्याला जातो. परत आले की चार माणसं गोळा करून सगळं रंगवून सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपणही एकदा जावं. माझं हे वाचून कोणाला जावंसं वाटायचं नाही. वाटलंच तर खुशाल जा, पण माझ्या काकांना बरोबर नेऊ नका.

मी खामगावला शाळेत ड्रॉइंग शिकवतो. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून काका-काकूंनीच मला वाढवलं. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या. काका जन्मभर पटवारी. दिवसा लोकांची वावरं मोजायची आणि संध्याकाळी अंगणात खाट टाकून आभाळ मोजायचं, हा त्यांचा शिरस्ता. आसपास कुठेही लग्न असलं की सप्तपदी उरकून भटजी काकांना हाक मारायचे, कारण नवरीला अरुंधती दाखवायचं काम त्यांचं. सप्तर्षींच्या शेपटीत मधला तारा तो वसिष्ठ, आणि त्याला खेटून जो बारीकसा ठिपका ती त्याची बायको अरुंधती. काका नवरीच्या मागे उभे राहायचे आणि आधी झाडाचा शेंडा, मग मोठा तारा, मग "आता त्याच्या कडेले पाहा, माय" असं करत तिची नजर नेमकी तिथे नेऊन सोडायचे.

या फाल्गुनात एका लग्नात काकांनी असंच बोट केलं, नवरी म्हणाली दिसली, आणि काकांना स्वतःलाच दिसली नाही.

ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काका घरी आले, पाय धुतले आणि मला म्हणाले, "भाद्रपदापर्यंत आटोपते आपलं." जणू उद्या बाजारात जायचंय, अशा आवाजात. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. चपलेचा अंगठा तुटला तर म्हणाले, नवी नको. परसात लावायला मी आंब्याचं कलम आणलं तर म्हणाले, तुझं तू लाव. मी त्यांना ओढत अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डाव्यात जास्त, काढून टाकू, म्हणजे चष्म्यानं सगळं दिसेल. काकांनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "डॉक्टर डोळा पाह्यते, आयुष्य नाही पाहत. चार महिन्यांसाठी कायले कापाकापी?"

सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला, आणि कारण काय, तर एक तारा. शेवटी मीच तोड काढली. म्हटलं, काका, तोच तारा दुर्बिणीतून दिसला तर? तो जागेवरच आहे आणि दोष डोळ्याचा, एवढं तरी मानाल? डोळे करून घ्याल? काकांनी बराच वेळ विचार केला. मग "हाव" म्हणाले, "पण दुर्बीण मी पारखून घेईन." या एका वाक्यापायी मी वैशाखात घाटावर भाजून निघालो.

नवी दुर्बीण ड्रॉइंग मास्तराच्या आवाक्यातली नव्हे. खामगावच्या दुकानदारानं किंमत सांगितली तेव्हा मी त्याच्याच पायरीवर बसलो आणि त्यानं मला पाणी दिलं. म्हणून जुनी शोधायची ठरलं. विचारपूस करता तीन ठिकाणं कळली, तिन्ही घाटावरची, म्हणजे डोंगर चढून वरच्या पठारावरची: डोणगाव, दुसरबीड आणि देऊळगाव राजा. शाळेला सुट्टी होतीच. मेहकरपर्यंत मोटार मिळाली. तिच्याबद्दल काही लिहीत नाही, कारण तिच्यात बसलेल्यांपेक्षा तिला ढकलणारेच जास्त वाट चालले. मेहकरला उतरल्या उतरल्या काकांनी आपली छत्री एका दमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, गाडीवानाला देऊन टाकली. "मले आता किती दिवस लागते ती," असं मला समजावलं. ती छत्री आम्हा दोघांत एकच होती.

डोणगाव

डोणगावचे बापूसाहेब मोठे कास्तकार. आडमाप देह, आवाज त्याहून मोठा. त्यांची दुर्बीण शिकारीची होती म्हणे, पण शिकार त्यांच्या वडिलांबरोबर संपली होती. बापूसाहेब ती माडीवर बसून आपल्या वावरावर लावायचे.

"निंदणाऱ्या बाया काम करून राह्यल्या का सावलीत बसल्या, हे मले इथूनच दिसते," ते अभिमानानं म्हणाले. "पाहा, मास्तर, पाहा. कोसावरचा बैल शेपूट हालवते तेही दिसते."

पाहिलं. खरोखर दिसत होतं. मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा होणार होतो, पण काका म्हणाले, "बैल नाही पाह्यचा मले. दिवस मावळू द्या." झालं, दिवसभराचा मुक्काम पडला.

जेवायला मात्र बापूसाहेबांनी हात आखडला नाही. आंब्याचा रस आणि कणकेचे उकडलेले सरगुंडे होते. आम्हा घाटाखालच्या लोकांना वाटतं, सरगुंडे करावेत तर आमच्याच बायांनी, काडीवर गुंडाळून, नाजूक. इथले बोटाएवढे जाड निघाले आणि रस पानात नव्हे, वाडग्यात वाढला. वाडगं उचलून तोंडाला लावायचं ही इथली रीत. मी चमचा मागितला तेव्हा वाढणाऱ्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मीही वाडगं उचललं. सदऱ्यावर सांडलं ते अजून गेलेलं नाही. काकांनी दोन घास खाऊन पान सारलं. 

दिवस मावळला, उत्तरेला सप्तर्षी वर आले. काकांनी ती दोन नळ्यांची दुर्बीण दोन्ही डोळ्यांना लावली. पितळेची, पाट्यावरच्या वरवंट्यासारखी जड. काकांचे हात थरथरले आणि ते म्हणाले, "तारा नाचून राह्यला." मी घेऊन पाहिलं तर माझ्याही हातात तोच प्रकार. जितकं जवळ आणावं तितकी हाताची थरथरही जवळ येते, ही गोष्ट मला तेव्हा कळली. शिवाय एवढी लांबची वस्तू ओढून आणणाऱ्या त्या दुर्बिणीची पुढची तोंडं मात्र अरुंद. बैल उन्हात उभा असतो, त्याला चालतं. ताऱ्याचा उजेड मुळातच चिमूटभर, तो आत शिरायला तोंड रुंद लागतं.

"भिंतीले टेकवून पाहा ना," बापूसाहेब म्हणाले. टेकवून पाहिलं. वसिष्ठ एक फिकट डाग झाला. काकांनी दुर्बीण परत केली आणि म्हणाले, "नाही दिसली." मला त्यांच्या आवाजात जरासं समाधान वाटलं. मी त्याचा अर्थ असा लावला की, निदान खोटा सौदा झाला नाही म्हणून म्हातारा खूष आहे.

बापूसाहेबांना फार वाईट वाटलं. एवढी जवळ आणणारी वस्तू कोणी नाकारतो हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. "यापेक्षा जवळ पाह्यजे तं मंग शिडीच लावा," असं म्हणून ते झोपायला गेले.

दुसरबीड

दुसरबीडला जाताना वाटेत प्रत्येकानं विचारलं, लोणारला चाललात का? इतक्या जवळ येऊन लोणारचं तळं न पाहता जाणारा माणूस त्यांना वेडा वाटला आणि त्यांचं बरोबर होतं. मी काकांना म्हटलं, जाता जाता बघून येऊ. काका म्हणाले, तुला पुढं जन्म पडलाय, सवडीनं पाहा. मी दमणीत तोंड फिरवून बसलो.

दुसरबीडच्या सडकेला गोविंदशेठचं दुकान आहे. दोर, घुंगरं, कंदिलाच्या काचा, वंगण, सगळं एकाच फळीवर. दुर्बीण घुंगरांच्या माळेतच टांगलेली होती. शेठ म्हणाले, कोण्या साहेबाच्या खानसाम्याकडून आली, एकदा बैलगाडीतून पडली होती, पण काच शाबूत आहे, पाहून घ्या. काच शाबूत होती. हातात हलकी, तोंडं रुंद. डोणगावला शिकलेली अक्कल मी इथे चालवली आणि मनात म्हटलं, हीच ती. शेठ सांगत होते ती किंमतही माझ्या खिशाला ओरबाडणारी नव्हती.

दिवेलागणीला दुकानासमोर सडकेवरच खाट टाकून काकांना बसवलं. बैलगाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या आणि गाडीवान विचारत होते, "काय पाहून राह्यले बावा?" शेठ सगळ्यांना उत्तर देत होते, "बायको पाहून राह्यले."

काकांनी दुर्बीण वर केली. थोडी इकडेतिकडे केली. मग त्यांचा हात थांबला.

"आहे," ते म्हणाले. "एक मोठा, एक बारीक. कडेलेच आहे."

मला काय वाटलं ते लिहून सांगता यायचं नाही. खाटेवर मटकन बसलो आणि शेठला म्हटलं, बांधा ती दुर्बीण. शेठ घुंगरू बांधायचा दोरा शोधू लागले. काका मात्र दुर्बीण खाली ठेवेनात. ते ती हळूहळू सरकवत होते.

"इकडं ये रे," ते म्हणाले. "हा त्याच्या पुढचा मरीची. याच्याही बाजूले एक बारीक आहे. तिकडचा क्रतू पाह्यला, त्याले पण. साऱ्या ऋषींच्या बायका आल्या म्हणायच्या."

मी दुर्बीण हिसकावूनच घेतली. गाडीतून पडल्यानं दोन्ही नळ्या एकमेकींपासून फाकल्या होत्या. दोन डोळ्यांची दोन चित्रं एकावर एक बसायला हवीत, ती बसत नव्हती, म्हणून प्रत्येक तारा जोडीनं दिसत होता. मला दोन्ही सारखे ठसठशीत दिसले. काकांचा डावा डोळा अधू, म्हणून त्यांना त्यातला एक बारीक दिसला, अगदी बायकोसारखा. पुराणात सहा ऋषींनी बायका टाकल्या आणि एकटी अरुंधती राहिली, असं आहे. गोविंदशेठच्या दुर्बिणीत सगळ्यांचा संसार पुन्हा जुळला होता.

खरं सांगतो, मला काकांचा इतका राग आला. अहो, दिसली होती ना? मग पुढच्या ताऱ्याकडे कोणी बघायला सांगितलं होतं? जगात दुसरा कोणी असता तर दिसली म्हणून हात जोडून उठला असता. मी तसं बोललोही. "पटवारी होतो मी," काका म्हणाले. "एक बांध बरोबर निघाला म्हणून सारं वावर बरोबर नसते." मी शेठला म्हटलं, सोडा तो दोरा. शेठ म्हणाले, "राह्यलं. माल पसंत नाही, तं नाही. पण जोडी जोडीनं दिसते त्यात वाईट काय?"

त्या रात्री मीही जेवलो नाही. काकांनी मला विचारलं, काऊन? मी म्हटलं, भूक नाही. ते म्हणाले, "उपाशी राहू नको, वाळशील." 

देऊळगाव राजा

आता एकच ठिकाण उरलं होतं. इथेही जमलं नाही तर काका शब्दातून मोकळे आणि मी हात चोळत खामगावला परत, हे मला दिसत होतं. देऊळगावात शिरताच काका बालाजीच्या दर्शनाला गेले. हात जोडून देवाला म्हणाले, "येतो लवकरच." पुजारी म्हणाला, या की, आश्विनात यात्रा असते. काका म्हणाले, आश्विनाच्या आधीच. मी पुढे होऊन चपला शोधू लागलो.

ज्यांच्याकडे दुर्बीण होती ते हसनमियाँ रंगारी. त्यांच्या अंगणात दोरीवर रंगवलेली लुगडी वाळत होती आणि त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. सत्तरीचे असतील, जाड भिंगांचा चष्मा. दुर्बीण त्यांच्या वडिलांनी जालन्याच्या जुन्या छावणीतून घेतलेली. रमजान चालू होता आणि तो दिवस एकोणतिसावा.

"आज सौदा नको, मास्तर," हसनमियाँ म्हणाले. "आज सारा मोहल्ला माझ्या माडीवर येतो चांद पाह्याले. चांद होऊ द्या, मंग बोलू. तवर बसा, पाणी घ्या."

काका म्हणाले, "तुमचा रोजा असताना तुमच्यासमोर पाणी कसं प्यावं? आम्ही बी थांबतो." आम्ही म्हणजे मीसुद्धा. वैशाखातली दुपार, अंगात ऊन मुरलेलं, कालपासून पोटात काही नाही, आणि काका हसनमियाँशी रंग पक्का कसा होतो यावर गप्पा मारताहेत. माझ्या जिभेचा पापड झाला. पण एक मात्र बघितलं, त्या दुपारी काका फाल्गुनानंतर पहिल्यांदा कोणाशी तरी मन लावून बोलत होते.

सूर्य बुडता बुडता माडीवर पन्नास माणसं झाली. खजूर आणि टरबुजाच्या फोडी फिरल्या. फळाला कसला विटाळ, म्हणून आम्हीही घेतल्या. टरबुजाची ती पहिली फोड मी कधी विसरणार नाही. नमाज झाली, मग हसनमियाँनी दुर्बीण काढली. लहानशी, तोंडं रुंद, हातात बसणारी. कोपरं कठड्यावर टेकवून त्यांनी पश्चिम धुंडाळली आणि म्हणाले, "त्या लिंबाच्या शेंड्यापासून बोटभर डावीकडं." पण कोणी आनंदानं ओरडलं नाही. सगळे तिकडे टक लावून उभे राहिले. थोड्या वेळानं एक जण म्हणाला, दिसला. मग दुसरा म्हणाला. मग कोणीतरी मशिदीकडे निरोप घेऊन गेला आणि तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडू लागले.

मी विचारलं, "तुम्हाला तर आधीच दिसला होता. मग थांबलात कशाला?"

"दुर्बिणीची गवाही चालत नाही आमच्याकडं," हसनमियाँ म्हणाले. "तिच्यानं जागा समजते. गवाही डोळ्याची."

मी मनात कपाळावर हात मारला. काका माझ्या मागेच उभे होते. "ऐकलं ना?" ते म्हणाले. "काचेतलं पाहणं पाहण्यात धरत नाहीत. चल, आता आपलं झालं." आणि खरोखरच जिन्याकडे निघाले. तीन गावं, सांडलेला रस, गेलेली छत्री, सगळं माझ्या डोक्यात एकदम चढलं. मी त्यांचा हात धरला आणि मोठ्यानं म्हटलं, "एकदा बघा आणि मग कुठं जायचं तिथं जा."

हसनमियाँनी काय चाललंय ते विचारलं. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं, अरुंधती, सहा महिने, डोळे, सगळं. ते काकांना म्हणाले, "पटवारीसाहेब, ते चांदाचं झालं. तिथं साऱ्या गावाची ईद ठरते, म्हणून गवाह लागते. तुमच्या जिवाले गवाह कायले पाह्यजे? घ्या, पाहा." आणि दुर्बीण काकांच्या गळ्यात अडकवली. मला म्हणाले, "घेऊनच जा, मास्तर. पोट्ट्यांले आता तिच्याशिवायच दिसते. पैशाचं सकाळी पाहू."

अंधार पडला होता. काकांची कोपरं मी कठड्यावर टेकवली. त्यांनी आधी क्रतू पाहिला, मग पुलह, आणि एकेकाची जोडी नाही ना याची खात्री करत करत शेपटीकडे आले. 

"आहे," ते म्हणाले. "जागेवरच आहे."

मी म्हटलं, "बघा. मी फाल्गुनापासून काय सांगतोय?"

काकांनी दुर्बीण उतरवली आणि ते कठड्यापाशी खाली बसले. माणसाला एखादी गोष्ट मिळता मिळता राहावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं. "मले वाटलं होतं, झालं एकदाचं," ते म्हणाले. "तुझी काकू गेली त्या दिवसापासून मी वाट पाहून राह्यलो. म्हटलं, आता बोलावणं आलं. म्हणजे अजून राहायचंच आहे."

इतके दिवस मी त्यांना मरणाच्या भीतीतून काढायला निघालो होतो. त्यांना भीती नव्हतीच. दर ठिकाणी ते दुर्बीण पारखत होते ते अरुंधती दिसू नये म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला, आणि पन्नास माणसांसमोर, ईदच्या चांदरातीला, मी काकांवर ओरडलो. "काकू गेली तर तुम्हीही जायचं, आणि मी? मला आई नाही, बाप नाही. तुम्ही मला कोणाच्या भरवशावर टाकून निघालात? एका शब्दानं विचारलंत का मला?"

 हसनमियाँनी हलकेच लोकांना खाली न्यायला सुरुवात केली. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक डोळा हातानं झाकून पाहिलं, हात बदलून दुसरा झाकून पाहिलं.

"अकोल्याच्या डॉक्टरले सांग," ते म्हणाले, "आधी डावा कर म्हणा. उजव्यानं मले तू अजून दिसतोस."